कबरीचा हुंकार

माझ्या भाचीला इंग्रजी बोलता येत नाय असं ज्यानं कुणी ठरवलं, तो मला एकदा भेटला पाहिजे. नुसता भेटला पाहिजे. पुढचं माझं मी बघते.

पोरगी पहिलीपास्नं इंग्रजीत शिकली. दुधाच्या पदार्थांचं कॉलेज केलं, ते बी इंग्रजीत. मोबाईलचं नेटवर्क गेलं की कंपनीच्या बाईसंग इंग्रजीत अशी भांडते की ती बाईच शेवटी सॉरी म्हणते. अन् तिकडं आयर्लंडातलं कॉलेज म्हणतंय, चीज बनवायचं पुढचं शिक्षण देतो, जागा तुझीच, पण आधी इंग्रजी येतंय याची परीक्षा देऊन दाखव. आता मला सांगा, इतकी वर्सं ती काय शेळीच्या भाषेत पेपर लिहीत होती?

थांबा. राग आला की मला मागचं-पुढचं सुचत नाय. आधी माणसं सांगते.

मी साळूबाई. खुलताबादच्या खाली माझं थोडकं शेत हाय अन् शेळ्या हायेत. माझं माणूस जाऊन लई वर्सं झाली. धाकटा भाऊ रामकिसन चितेगावला कंपनीत हाय अन् संभाजीनगरात पैठण रोडला घर बांधून राहतोय. घरात तो, त्याची बायको गीता, पोरगी संस्कृती, अन् आमचे वडील आप्पा. आप्पांनी जन्मभर मेंढरं राखली. आता ते मेंढरं सोडून आम्हाला राखतात.

तर ती परीक्षा संस्कृतीनं पहिल्यांदा पुण्याला जाऊन दिली. वाचण्यात, लिहिण्यात, ऐकण्यात झकास मार्क आले. बोलण्यात आपटली. कंप्युटरपुढं बसायचं, तो एक प्रश्न टाकून गप होणार, अन् मंग आपण एकट्यानंच बोलत राहायचं, अशी ती तऱ्हा. पोरगी घरी आली अन् उशीत तोंड खुपसून पडली. जेवना का खाईना. मला फोन आला तशी मी पहिल्या गाडीनं शहरात आले. माझ्यानं राहवतंय व्हय?

गुलमंडीजवळ शिवराज सर म्हणून एकजण ह्या परीक्षेचा क्लास घेतात. मी म्हणलं, चला, त्यांनाच विचारू. आप्पा म्हणले, मी बी येतो. त्यांना कशाला यायचं होतं देव जाणे, पण काठी घेऊन रिक्षात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

सरांनी संस्कृतीला एक प्रश्न दिला, तिचं बोलणं मोबाईलमधी भरून घेतलं अन् आम्हाला ऐकवलं. एक वाक्य आलं. मंग सन्नाटा. रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे ऐकू आले, कुणीतरी भाजीचा भाव विचारला. मंग दुसरं वाक्य. परत सन्नाटा.

"मावशी, अंग्रेजी तर एकदम मस्त हाय पोरीची," सर डोकं खाजवत म्हणले. "पण यार, ही हर वाक्यानंतर थांबते कामून? कुणाची वाट बघते?"

संस्कृतीला बी सांगता येईना. "काय माहीत सर. पुढचं सगळं डोक्यात तयार असतं. पण तोंडातून निघतच नाही."

आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. तर डोळे न उघडताच म्हणले, "सर, हुंकार कुणी देईना, तर पोरगी बोलंल कशी?"

"कसला हुंकार?" सर म्हणले.

आता शहरातल्या माणसाला हे बी सांगावं लागतंय. आमच्यात मेंढराच्या राखणीला दोघं बसले की एकजण गोष्ट सांगणार अन् दुसऱ्यानं दर वाक्याला "हं" म्हणायचं. ह्याला हुंकार म्हणतात. हुंकार थांबला म्हंजी ऐकणारा झोपला, अन् राखणदार झोपला म्हंजी लांडग्याचं फावलं. म्हणून हुंकार बंद झाला की सांगणाऱ्यानं तिथंच थांबायचं, समोरच्याला ढोसायचं, परत हुंकार आला की पुढं सांगायचं. मेंढरं गेली, लांडगे गेले, आमचा हुंकार काय गेला नाय. घरात कुणी मीठ संपलं म्हणून सांगाय लागलं तरी बाकीचे तिघं तीन बाजूनं "हं", "मंग?", "व्हय का?" करतात. संस्कृती ह्यातच वाढली. हुंकाराबिगर वाक्यामागं वाक्य जोडायचं तिला कुणी शिकवलंच नाय.

"साळे, बस तिच्यापुढं," आप्पा म्हणले.

मी बसले. सरांनी प्रश्न दिला. संस्कृती एक वाक्य बोलली. मी म्हणलं, "हं." ती दुसरं बोलली. मी म्हणलं, "मंग?" अन् मंग काय विचारता! नळाला पाणी सुटावं तशी पोरगी सुटली. मला त्यातलं 'मिल्क' तेवढं कळत होतं, पण मी "व्हय?", "आगं माय!", "मंग काय झालं?" करत राहिले. सर घड्याळ बघायचंच विसरले. शेवटी त्यांनीच हात जोडले अन् म्हणले, "बस, बस. हे तर माझ्यापेक्षा चांगलं बोलली."

"मंग द्या मार्क," मी म्हणलं.

"माझ्या हातात असतं तर दिले असते, मावशी. पण कंप्युटर हुंकार देत नसतो. हिची सवय मोडा."

सवय मोडा म्हणे! म्हणायला काय जातंय?

आम्ही काय काय केलं ते सांगते. आधी तिला भिंतीपुढं बसवलं. भिंतीला बोलून पोरीला रडू यायला लागलं. मंग आरशापुढं बसवलं, तर समोर स्वतःचंच गप्प तोंड दिसतंय, ती आणखीच अडकली. रामकिसन म्हणला, टेबलफॅनपुढं बोल, निदान हलतं तरी. तर तो पंखा इकडून तिकडं सारखी नाय-नाय मान हलवतोय. पोरीचा उरलासुरला धीर खचला.

मंग ठरलं की घरात कुणीच हुंकार द्यायचा नाय. म्हंजी तिची सवय आपोआप जाईल. एका दिवसात घराचा पार इस्कोट झाला. रामकिसन कंपनीतली भानगड सांगाय लागला, कुणी हं म्हणंना, तो अर्ध्यात उठून गेला. गीताला वाटलं सगळे तिच्यावर रुसलेत, तिनं भाजीत तिखट ओतलं. आप्पांनी तर हुंकार मिळंना म्हणून शेजारच्या घरी जाऊन गप्पा मारल्या अन् चहा बी तिथंच पिऊन आले.

अन् दिवस तर चालले होते. महिना संपायच्या आत मार्क कॉलेजात पोचले नायत, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. पुण्याच्या सेंटरला तारीख शिल्लक नव्हती. घरी बसून लॅपटॉपवर परीक्षा द्यायची सोय होती, तिथं एक तारीख मिळाली. एकच.

"आत्या, ह्या वेळी नाही झालं तर गेलं सगळं," संस्कृती म्हणाली. तिनं माझा हात धरला होता. ही पोर सुट्टी लागली की माझ्याकडं यायची, शेळ्यांच्या मागं हिंडायची, माझ्याच चुलीवर तिनं पहिल्यांदा दूध नासवून त्याचं काहीबाही बनवलं होतं. लई घाण लागलं होतं ते. पण मी सगळं खाल्लं.

"नियम काय काय हायेत ते वाच," मी म्हणलं.

तिनं वाचले. दार बंद पाहिजे. खोलीत दुसरं माणूस नको. माणसाचा आवाज नको. मोबाईल नको, वही नको. कॅमेऱ्यातून तिकडचा साहेब सारखा बघत राहणार.

"माणूस नको?"

"नाही."

"अन् शेळी?"

संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं. मंग परत नियम वाचले. वरून खाली वाचले, खालून वर वाचले. "आत्या, शेळीचं काहीच लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

माझ्याकडं एक शेळी हाय, कबरी. तिची माय मेली तवा मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. मी एकटी बाई, दिवसभर बोलणार कुणाशी? तिच्याशीच बोलते. अन् कबरीला अशी सवय हाय, मी वाक्य संपवून थांबले रे थांबले की ती "में" करते. दर वाक्याला. माझा नवरा हयात होता तवा एवढा हुंकार त्यानं बी कधी दिला नाय.

दुसऱ्या दिवशी मी कबरीला टेम्पोत घालून शहरात आणली. मागच्या अंगणात संस्कृतीच्या खोलीची खिडकी उघडते, तिच्याखाली बांधली. संस्कृती आत लॅपटॉपपुढं बसली अन् इंग्रजीत बोलाय लागली. वाक्य संपलं, की खिडकीखालून "में". पुढचं वाक्य. "में". पोरगी सुटली बघा! शिवराज सर मुद्दाम बघायला आले, खिडकीपाशी उभं राहून ऐकलं अन् म्हणले, "मावशी, ह्याला कॉपी म्हणायचं का?"

मी म्हणलं, "कबरीला इंग्रजी येत असतं तर म्हणला असता. ती उत्तर सांगते व्हय? ती नुसतं ऐकते."

सर खाली वाकले अन् कबरीच्या पाठीवर हात फिरवून गेले.

परीक्षेचा दिवस उजाडला. गीतानं पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली. रामकिसनला घरात गप बसवत नाय म्हणून गाडी घेऊन बाहेर धाडला. आप्पांना मी अंगणात बसवलं अन् त्यांच्या तोंडात गुळाचा हा एवढा खडा कोंबला. म्हणलं, हा विरघळंस्तवर एक शब्द काढायचा नाय. मी स्वतः खिडकीखाली कबरीजवळ भिंतीला टेकून बसले. वरून दिसू नये म्हणून डोकं खाली.

आतून साहेबाचा आवाज आला. काय बोलला ते मला तवा कळलं नाय, संस्कृतीनं मागनं मराठीत सांगितलं. त्यानं तिला लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायला लावल्या, टेबलाखालचं दाखवायला लावलं, कान दाखवायला लावले. कानात काय असतंय? मळ असतोय. पण असू दे, नियम म्हंजी नियम.

वाचायचं झालं. ऐकायचं झालं. लिहायचं झालं. मंग आलं बोलायचं.

संस्कृती पहिलं वाक्य बोलली. अन् थांबली.

मी कबरीकडं बघितलं. कबरी गप्प. बघते तर तिच्या तोंडात लसूणघासाच्या चाऱ्याची ही मोठी पेंढी! गीतानं टाकली होती. मागनं विचारलं तर म्हणते, बिचारी एवढ्या मोठ्या कामाला आलीय, उपाशी कशी ठेवायची? घ्या! आता भरल्या तोंडानं ती बापडी हुंकार कसा देणार?

मी घास ओढला. कबरीनं ओढला. मी परत ओढला. आत पोरगी गप्प. तो सन्नाटा मला सुरीगत कापत होता. तिचं आयर्लंड, तिचं चीज, सगळं त्या एका "में"वर अडलं होतं, अन् ही बया नुसती चघळतीय.

मंग मी काय केलं? केलं जे करायचं ते. तोंडावर पदर धरला अन् मीच केलं, "में!"

आतून पुढचं वाक्य आलं.

मी परत "में" केलं. परत वाक्य आलं. मला जोर चढला. मी बारीक "में" केलं, लांब "में" केलं, 'मंग काय झालं?' असं विचारणारं सुद्धा "में" केलं. पोरगी आत धो धो बोलतीय. पण माझं बघून आप्पांच्या अंगात आलं. म्हाताऱ्यानं गूळ काढून हातात घेतला अन् अस्सल मेंढ्याचा, पोटातून, असा काय आवाज काढला की कबरी सुद्धा चघळायची थांबून त्यांच्याकडं बघाय लागली.

आतून साहेब बोलला. संस्कृतीनं सांगितलं तसं सांगते. तो म्हणला, "हा कसला आवाज येतोय?"

"शेळी आहे सर. खिडकीबाहेर."

"एकच आहे का?"

खोटं बोलायची तिला सवय नाय. "एक शेळी आहे सर," ती म्हणाली. "बाकी घरची मंडळी आहेत."

"दाखवा."

लॅपटॉप उचलल्याचा आवाज आला. मी भुईला सपाट झाले. लुगड्याला शेण लागलं, लागू दे. मंग डोकं खालीच ठेवून गुडघ्यावर आले, कबरीचे पुढचे दोन पाय उचलले अन् खिडकीच्या कठड्यावर टेकवले. कबरीचं तोंड खिडकीत. तोंडातून घासाची काडी लोंबतीय. तिनं त्या साहेबाकडं बघितलं, साहेबानं तिच्याकडं बघितलं. कबरीनं काडी गिळली, अन् इतक्या वेळाचं राहिलेलं सगळं एकदम काढलं: "मेंऽऽऽ!"

मंग साहेब खोकला. लई वेळ खोकला. संस्कृती म्हणते, तो खोकत नव्हता, हसत होता. मंग म्हणला, "शेळी चालेल. घरच्या मंडळींना लांब जायला सांगा."

झालं. आम्हाला उठावं लागलं. मी आप्पांना धरून अंगणाच्या पार टोकाला नेलं अन् कबरीला बी ओढत नेलं, कारण आता ती थांबायलाच तयार नव्हती. शेवटचा प्रश्न राहिला होता. मी लांब उभी. कान खिडकीकडं. पहिलं वाक्य ऐकू आलं. थांबलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. आता ना शेळी, ना मी, ना आप्पा. आता पोरगी एकटी.

अन् मंग दुसरं वाक्य आलं. त्याला लागून तिसरं. मधी कुठं खड्डा नाय, काय नाय. वेळ संपून मशीननं तोंड बंद करंस्तवर पोरगी बोलत राहिली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "आगं, शेवटी तर कुणीच नव्हतं. बोललीस कशी?"

"तू अंगणात उभी राहून मान हलवत असशील, हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी हलवतच होते की. मान दुखून आली होती माझी.

मार्क आले. बोलण्यात कॉलेजला पाहिजे होते त्याच्यापेक्षा चांगले आले. रामकिसननं पेढे वाटले. आप्पा अजून सगळ्यांना सांगत फिरतात की माझ्या मेंढ्यानं पोरगी पास झाली. काय बी! माझ्या "में"नं झाली, त्यांचं तर पार शेवटाला आलं. शिवराज सरांनी फोन करून विचारलं, मावशी, कबरी आठवड्यातून एखादा दिवस क्लासला मिळंल का? मी म्हणलं, तिला घास लागतो, अन् तुमच्या गुलमंडीत तिनं कापडाचं दुकान खाल्लं तर भरून देणार का?

संस्कृती गेली. विमान मी काय बघितलं नाय, मला ते आवाज सोसत नायत. मी आपली कबरीला घेऊन माझ्या शेतावर आले.

परवा संध्याकाळी धार काढत होते अन् फोन वाजला. संस्कृती. मी फोन खांद्याला लावला अन् तिनं सुरू केलं. तिकडची थंडी, तिकडच्या गायी, खोलीतल्या दुसऱ्या पोरीचं घोरणं, अन् पहिल्यांदा बनवलेलं चीज, ते म्हणे सगळ्यांना आवडलं. मी "हं", "मंग?", "व्हय का गं?" करत होते. लई वेळ बोलली. मंग म्हणाली, "आत्या, मीच बोलतेय. आता तू सांग."

अन् काय झालं बघा. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा गावानं कधी थांबलेला बघितला नाय, तिला एक शब्द सुचंना. सांगायचं लई होतं. सुट्टी लागली तरी दारात कुणी आलं नाय, तिच्या अंथरुणाची घडी मी अजून मोडली नाय, घरात दूध नासलं तरी आता कुणी त्याचं काहीबाही बनवत नाय. फोनमधी नुसता सन्नाटा. पैसे जात असतील, मी म्हणलं मनात, बोल की साळे. निघंना.

तिकडून बी आवाज नाय. मला वाटलं फोन कटला.

मंग फोनमधून, तिथं आजूबाजूला कोण गोरी माणसं असतील नसतील, कशाची फिकीर न करता, माझी भाची एकदम मोठ्यानं बोलली:

"में."

कबरीनं कान टवकारले. मी डोळे पुसले, अन् सांगायला लागले.